दात आंबतात तेव्हा

कार्डावरचा फोटो आणि बसच्या दारात उभा असलेला माणूस, दोघं एकच होते. तेच रुंद कपाळ, तोच चष्मा, हनुवटीवर तीच बारीक खळी. शाळेच्या बसवर मुलं सांभाळणाऱ्या एमाने कार्ड उन्हात धरून पाहिलं, उलटं करून शाळेचा शिक्का पाहिला, पुन्हा सुलटं केलं. चूक कुठेच नव्हती. आणि तरी तिचे दात आंबायला लागले होते.

"काही प्रॉब्लेम आहे का मावशी?" माणूस हसून म्हणाला. "मी स्वानंद. गार्गीचा बाबा."

"आजी नाय आल्या?"

"त्यांना जरा बरं नाहीये. म्हणून मी हाफ डे टाकून आलो."

वर्तकनगरच्या या नाक्यावर रोज गार्गीची आजी उभी असायची. बस यायच्या दहा मिनिटं आधीपासून, फुलाफुलांची छत्री उघडून. आज तिथे पांढरी गाडी उभी होती, रस्त्याच्या कडेला तिरकी, मागचं दार उघडंच टाकलेलं, जणू माणूस पाणी पिऊन परत निघणार होता.

"बाबा!" गार्गी सीटवरून उडी मारून धावली. एका खांद्यावर दप्तर, एका पायातला मोजा घोट्याशी. साडेपाच वर्षांची पोर, सिनियर केजी. तिचा चेहरा असा उजळला होता की एमाला तिच्याकडे बघवेना. कारण तेवढ्यात एमाचा हात दाराच्या दांड्यावर आडवा पडला होता. हात आधी गेला होता. विचार मागून येत होता, आणि तोही धापा टाकत.

"थांब गो बाय," ती म्हणाली.

पुढून महिपतने हॉर्न दिला. महिपत बसचा ड्रायव्हर. त्याचं अर्धं बोलणं हॉर्नमधूनच चालायचं.

एमाचे दात हा त्यांच्या घरात एक स्वतंत्र विषय होता. कच्ची कैरी खाल्ल्यावर दातांना जसं होतं, तसं तिला काही न खाता व्हायचं. दाढांच्या मुळाशी सुरू होऊन शिरशिरी पुढे यायची आणि जीभ दातांना लावता येत नसे. पहिल्यांदा झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. लांबचा एक मामा तिला सायकलवरून जत्रेला न्यायला आला होता, आणि ती ओट्यावरच्या खांबाला मिठी मारून बसली. नाय म्हणजे नाय. आईने दोन धपाटे घातले. पुढे काय घडलं असतं हे तिला कधीच कळलं नाही. हीच तर अडचण होती. दातांचं ऐकलं की काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची पावती कोण देतो?

बरं, खोटं कशाला बोला, ते दात काही देवाचे नव्हते. लग्नानंतर आंबिवलीला एका नव्या इमारतीत खोली घ्यायचं चाललं होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एमाचे दात आंबले आणि तिने नवऱ्याला, बेसिलला, मागे फिरवलं. ती इमारत आज पस्तीस वर्षं ठणठणीत उभी आहे. बेसिल जिवंत होता तोवर, आंबिवलीला भावाकडे जाताना दर वेळी बोट दाखवायचा. "बघ. तुझे दात पडाय लागले, बिल्डिंग नाय पडली."

आणि मग फियोनाचं झालं.

सहा वर्षांपूर्वी लेकीला बघायला केव्हिनच्या घरचे आले. मुलगा उंच, मस्कतला नोकरीला, चर्चमध्ये गिटार वाजवणारा. जेवताना फियोनाचा फोन वाजला. केव्हिनने हसत हसत तो तिच्या हातातून काढून घेतला, कोणाचा आहे ते बघितलं आणि स्वतःच्या खिशात टाकला. "जेवताना फोन नाय, काय?" सगळे हसले. बेसिलही हसला. एमाचे दात असे आंबले की तोंडातला घास चावेना. तिने ते ताटातल्या लोणच्यावर ढकललं. लग्न झालं. आता फियोना दर शुक्रवारी, केव्हिनच्या सुट्टीच्या दिवशी, फोन करते. स्पीकरवर ठेवून. आणि जिथे हसण्यासारखं काही नसतं तिथे हसते.

आज एमाच्या डब्यात लोणचं नव्हतं.

"मावशी, ऊन लागतंय," स्वानंद म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "द्या ना तिला."

"गार्गीच्या आईला एक फोन लावते."

"ती मीटिंगमध्ये आहे. उचलणार नाही."

एमाने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गार्गीची आई, क्षिप्रा, डोंबिवलीला बँकेत होती, एवढं एमाला ठाऊक होतं. मुलं बसमध्ये सगळंच सांगतात. तिसऱ्यांदाही फोन वाजून वाजून गप्प झाला. मग तिने शाळेच्या ऑफिसला लावला. बसचं सगळं योगिनी मॅडम बघायच्या.

"एमा मावशी, त्यांच्याकडे कार्ड आहे का?"

"हाय."

"फोटो जुळतो?"

"जुळतो."

"मुलगी ओळखते त्यांना?"

"बाबा बाबा करतेय."

"मग?"

दात आंबलेत म्हणून सांगितलं असतं तर मॅडमनी डेंटिस्टचा नंबर दिला असता.

"आईशी बोलल्याशिवाय नाय देणार मॅडम," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. नऊ वर्षांच्या नोकरीत मॅडमना 'नाय' म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

"अहो, वडील आहेत ते. असं अडवता येत नाही आपल्याला. कार्ड बघायचं, द्यायचं. तुमचं काम तेवढंच आहे."

एमाने फोन खाली घेतला. बसमध्ये अजून सात पोरं होती, घामाने डबडबलेली. महिपतने आरशातून पाहिलं. "एमाबाई, द्या ना. बापच हाय तिचा, वाघ नाय."

बसच्या कामात एक नियम होता. मूल घ्यायला स्टॉपवर कोणी नसेल तर त्याला उतरवायचं नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायचं आणि मग शाळेत परत. एमाने दाराशेजारी अडकवलेलं रजिस्टर काढलं, पेनची टोपी दातांत धरली, आणि दात शिवशिवले म्हणून पुन्हा काढली. गार्गीच्या नावापुढे तिने सावकाश लिहिलं: घ्यायला कोणी नाही.

माणूस तीन फुटांवर उभा होता. त्याने ते उलटं वाचलं.

"हे काय लिहिताय तुम्ही?"

"बस चालू कर महिपत," एमा म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

गार्गीने पाचपाखाडीपर्यंत आकांत केला. खिडकीच्या काचेला हात लावून ती मागे येणाऱ्या पांढऱ्या गाडीकडे बघत होती. गाडी पाठ सोडायला तयार नव्हती; सिग्नलला शेजारी यायची, मग पुन्हा मागे. बाकीची पोरं चिडीचूप. एकाने तर हातातलं बिस्कीट तसंच धरून ठेवलं होतं.

"तू वाईट आहेस मावशी. तू चोर आहेस."

"हो गो."

"मी बाबाला कित्ती दिवसांनी भेटणार होते."

एमा तिच्या शेजारी टेकली. "किती दिवसांनी?"

"खूप. दिवाळीला पण नव्हता तो." गार्गीने बाहीने नाक पुसलं. "आमच्या घराचं रंगकाम चाललंय ना, म्हणून आम्ही आजीकडे राहतो. बाबा तिकडे रंगवून घेतो."

"कधीपासून रंगकाम?"

"गणपतीपासून."

एमाने बोटं मोजली. गणपती ते एप्रिल. एवढा रंग खाडीवरच्या पुलाला लागत नाही.

पण त्याने जीव स्वस्थ होईना. उलट दुसरंच भूत मानगुटीवर बसलं. बाप आहे. आणि बापाला पोर भेटू न देणाऱ्या बायकाही जगात असतात. एमाने तशा पाहिल्या होत्या, अगदी पलीकडच्या आळीत. हा माणूस मोठ्याने बोलला नव्हता, दारू प्यायलेला नव्हता, पोरगी त्याला बघून फुलली होती. मग हे दात आत्ता गार्गीसाठी आंबले होते की सहा वर्षं उशिराने फियोनासाठी? कोणाच्या तरी घरातल्या जखमेची पावती दुसऱ्याच माणसाच्या नावावर फाडायची, हा काय न्याय झाला? तिने पदराने मान पुसली. निळ्या एप्रनच्या आत पाठीवरून घामाचा ओघळ गेला. पोटऱ्या थरथरत होत्या. पण ती भीती होती. भीती कुठे राहते ते एमाला नेमकं माहीत होतं: पोटऱ्यांत, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर पोटात. दातांत ती कधी येत नसे.

पाचपाखाडीला दोन जुळी पोरं उतरली. स्वानंद गाडीतून उतरून आला, मोबाइल समोर धरून.

"सगळं रेकॉर्ड होतंय बाई." मावशीची बाई झाली होती. "एका बापाला स्वतःच्या मुलीला भेटू देत नाही ही बाई. नाव काय तुमचं?"

"एमा. काढा फोटो. बेसिल गेल्यापासून कोणी काढला नाय." तोंड वर करून बोलली खरी, पण जुळ्यांच्या आईकडे बॉटल देताना ती हातातून सुटली.

"पोलिसांना बोलावतो मी."

"बोलवा."

त्याने फोन कानाला लावला. एमा बघत राहिली. जुळ्यांची आई बघत राहिली. मग त्याने फोन खाली घेतला. "बिझी लागतोय," तो म्हणाला, आणि गाडीकडे वळला.

महिपतने गिअर टाकला. बराच वेळ हॉर्नही वाजवला नाही. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "एमाबाई, माझी पोरगी बारावीला हाय."

"ठावं हाय."

"माझी नोकरी घालवू नका."

"तू सांग, बाईने ऐकलं नाय. खरंच हाय ते."

नौपाड्याच्या अलीकडे फोन वाजला. एमाने असा झडप घालून उचलला की गार्गी रडायची थांबली.

"हॅलो, कोण? मिस्ड कॉल होते." मागे बँकेतला तो बाईचा आवाज टोकन नंबर सांगत होता.

"मॅडम, मी बसची मावशी. घाबरू नका, गार्गी माझ्याजवळ हाय. तिला घ्यायला तिचे बाबा आलेत. कार्ड हाय त्यांच्याकडे. देऊ काय?"

पलीकडे टोकन नंबर एक्क्याऐंशी. टोकन नंबर ब्याऐंशी.

"तुम्ही दिलंत तिला?"

"अजून नाय."

"मी निघते," क्षिप्रा म्हणाली, आणि फोन कट झाला.

द्या किंवा देऊ नका, यातलं काहीच ती बोलली नव्हती. एमाने परत लावला तर लागेना. "शेवटच्या स्टॉपला या, कोपरीला," तिने बंद फोनला सांगितलं, मग भानावर येऊन तेच बोलून मेसेज पाठवला. डोंबिवलीहून ठाणे स्टेशन, आणि स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की कोपरी. पाऊण तास. लोकल चुकली तर तास.

कोपरी म्हणजे एमाचं घर. बस जिथे थांबायची तिथून तिच्या घराचं कौल दिसायचं. शेवटची दोन पोरं उतरून गेली. महिपतने बस पिंपळाखाली लावली, आणि पांढरी गाडी येऊन बरोबर बसच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. दोन ओळखीच्या बायका पिशव्या खाली ठेवून थांबल्या. एमाला नको नको झालं. परक्या गल्लीत शोभा झाली तर माणूस घरी जाऊन लपतो. इथे घरच समोर होतं.

स्वानंद दाराशी आला. या वेळी हातात मोबाइल नव्हता. तो पायरीवर गुडघ्यावर बसला आणि हळू बोलला.

"मावशी, तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी. मस्कतला."

"मग तुम्हाला कळेल." चष्मा काढून त्याने डोळे दाबले. "आठ महिने. फोनवर दोन मिनिटं, तेही तिच्या आजोबांसमोर. माझी मुलगी आहे ती. मी काय केलंय असं?"

रडणं खरं होतं. एमाला रडणं ओळखता यायचं. नऊ वर्षं तीच तर नोकरी होती. दांड्यावरची तिची पकड सैल पडली. गार्गी तिच्या कुशीतून अर्धी बाहेर आली होती. द्यावं, एमाला वाटलं. द्यावं आणि मोकळं व्हावं. तिने जीभ हळूच दाढेला लावून पाहिली.

शिरशिरी थेट कानापर्यंत गेली.

"दादा," ती म्हणाली, "वर या. बसा इथं तिच्या शेजारी. हात धरा, पापे घ्या, काय बोलायचं ते बोला. मी तोंड फिरवून बसते. आई येईपर्यंत पोर तुमचीच. फक्त बसच्या आत."

तो उठला. एक पाय पायरीवर ठेवला. आणि घड्याळात बघितलं.

"माझ्याकडे तेवढा वेळ नाहीये," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर ते त्याच्याही ध्यानात आलं असावं. आठ महिने लेकीचं तोंड न बघितलेला माणूस, आणि वेळ नाही. एमाने गार्गीला आपल्यामागे घेतलं, दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि दारात उभी राहिली. ती काही आडमाप बाई नव्हती. छप्पन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधणारी, पाच फूट एक इंच. त्याने ढकललं असतं तर ती मागे पडली असती. तो तिच्या हातांकडे बघत होता, आणि तेच मोजत होता.

तेव्हा महिपत उठला. सीटवरून उतरून आला आणि एमाच्या मागे उभा राहिला. तंबाखू मळत.

किती वेळ गेला ते एमाला सांगता आलं नसतं. स्टेशनच्या बाजूने क्षिप्रा आली तेव्हा ती पळत नव्हती. पळण्याची ताकद संपल्यावर माणूस जसा चालतो तशी चालत होती, एक सँडल पायात, एक हातात. बसपाशी आली, गार्गीला बघितलं, आणि पायरीवर बसली. पोर येऊन गळ्यात पडली तरी तिला हात उचलून धरता येईना.

"मावशीने मला सोडलंच नाही," गार्गीने तक्रार केली.

पाठोपाठ रिक्षा आली. योगिनी मॅडमनी फॉर्मवरचा नंबर शोधून आजी-आजोबांना सोबत आणलं होतं. प्रभाकर आजोबा इस्त्रीच्या शर्टात, हेमा आजी छत्रीसकट. आजी ठणठणीत दिसत होत्या.

"अहो, मला तर शाळेतून फोन आला," हेमाताई रिक्षातून उतरता उतरताच म्हणाल्या, "की आज बस पाऊण तास उशिरा—"

"हेमा," प्रभाकर म्हणाले. एवढंच.

हेमाताई छत्रीचं बटण चाचपू लागल्या.

"शाळेतून कोणी फोन केला नाही," योगिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांना फक्त कागद लागायचा. "क्षिप्रा मॅडम, काही फॅमिली मॅटर आहे का? कस्टडी वगैरे? तसं असेल तर शाळेला लेखी द्यावं लागतं. म्हणजे आम्ही कार्डावरून फोटो काढून टाकतो."

पिशव्यावाल्या बायका दोन पावलं पुढे सरकल्या होत्या. इस्त्रीवाला कोळसे हलवायचं विसरला होता.

"छे, छे," प्रभाकर म्हणाले. "तसलं काही नाही. आमच्याकडे असलं काही नसतं. ते येणार होते घ्यायला. आमच्यातच नीट निरोपानिरोपी झाली नाही."

एमाने हेमाताईंकडे पाहिलं. एक वाक्य हवं होतं तिला, अर्धं झालेलं वाक्य, पुढचं अर्धं. हेमाताईंनी छत्री उघडली आणि मिटली.

मग एमाने क्षिप्राकडे पाहिलं. क्षिप्रा उभी राहिली. ओढणी सारखी केली, सँडल पायात घातला, आणि हसली.

"हो, मीच सांगायला विसरले. थोडा गोंधळ झाला. सॉरी हं मॅडम."

ते हसणं एमाला पाठ होतं. दर शुक्रवारी ते मस्कतहून यायचं.

स्वानंदने संधी ओळखली. त्याने खाली वाकून गार्गीच्या केसांवरून हात फिरवला. "शनिवारी येशील बाबा?" तिने विचारलं. "येईन हं राणी," तो म्हणाला. क्षिप्रा कुठेतरी वर, पिंपळात बघत होती. तो गाडीकडे गेला, आणि गाडी वळवून बसच्या दारासमोरून गेली तेव्हा मागची काच खाली होती.

सीटवर जांभळा लोकरी कोट होता. पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा, कोरा, बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत. शेजारी चाकांची छोटी बॅग.

एप्रिलचं ठाणं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

वर्तकनगरच्या नाक्यावर तो गाडीचं मागचं दार उघडं टाकून आला होता. एमा तेव्हा कार्ड बघत होती, फोटो बघत होती, शिक्का बघत होती. तिला काही दिसलं नव्हतं. दातांना दिसलं होतं. डोळे आत्ता, दीड तासाने, पोचले.

तिने क्षिप्राकडे वळून पाहिलं. क्षिप्रानेही गाडीत पाहिलं होतं. तिच्या ओठांवरचं हसणं अजून तसंच होतं, उतरवायचं राहून गेल्यासारखं.

"एमा मावशी, रजिस्टर," योगिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी पान वाचलं. "घ्यायला कोणी नाही. वडील समोर उभे असताना?"

"हो."

"हे खोटं आहे."

"हो मॅडम."

"त्यांचा व्हिडिओ मुख्याध्यापक सरांपर्यंत पोचलाय. मी काही करू शकत नाही आता." त्यांनी चष्मा वर केला आणि परत खाली. "उद्यापासून येऊ नका. पगाराचं मी बघते."

एमाला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी, की आरोप खरा होता. कोणी खोटा आरोप केला असता तर भांडता तरी आलं असतं. तिने एप्रनच्या गाठी सोडल्या, त्याची चार बोटांची घडी घातली आणि मॅडमच्या हातात दिली. महिपत काहीतरी बोलणार होता. तिने मान हलवली. बारावीची पोरगी.

रिक्षा निघायच्या आधी क्षिप्रा मागे वळून आली. गार्गीची पाण्याची बाटली राहिली होती म्हणे. बाटली गार्गीच्या गळ्यातच होती. तिने एमाचं मनगट धरलं, आजोबांकडे पाठ करून. आभार मानायला माणसांना एकांत लागतो, दोष द्यायला चारचौघं चालतात. पण तो हात. एवढ्या उन्हात तो बर्फासारखा गार होता, आणि मनगट सोडत नव्हता.

"मॅडम," एमा हळूच म्हणाली, "तो फोटो काढून टाका."

क्षिप्राने मान हलवली की नुसती खाली घातली, ते कळलं नाही. ती गेली.

सगळे गेल्यावर एमा परत बसमध्ये चढली. तिचं घर पन्नास पावलांवर होतं, पण काम संपलं नव्हतं. रोज शेवटी बसच्या टोकापर्यंत जायचं, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, कोणी पोर झोपून राहिलं नाही ना. ती एकेका सीटपाशी वाकली. गुडघा कुरकुरला. एक खोडरबर सापडलं, एक अर्धं बिस्कीट. शेवटच्या सीटपर्यंत गेली, वाकली, पाहिलं. कोणी नव्हतं. मग ती तिथेच बसली.

जीभ लावून बघितली. दात अजून आंबलेलेच.

गार्गी तर गेली आईबरोबर. मग आता कोणासाठी?

बुधवार होता. मस्कतला दुपारचे दोन वाजले असतील. केव्हिन कामावर. या वेळेला एमाने कधी फोन केला नव्हता. "दुपारी ती झोपते मम्मी, शुक्रवारीच करत जा," असं जावयाने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हसत हसत, आणि तिने ऐकलं होतं. कार्डावरचा फोटोही तर जुळत होता.

तिने नंबर लावला. दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

"मम्मी? काय झालं? आज कसा फोन?"

"काय नाय गो. तू एकटी हायस?"

"हो." आवाज घुमत नव्हता. स्पीकर नव्हता.

"फियोना, तुझे दात आंबतात काय गो?"

लहानपणापासून फियोनाला ते ठाऊक होतं. परीक्षेच्या सकाळी, अनोळखी घरी जाताना, आई तिला हेच विचारायची, आणि ती खदखदून हसायची.

एमा वाट बघत राहिली. आता हसेल. आता "काहीतरीच तुझं मम्मी" म्हणेल.

पलीकडून हसणं आलं नाही. कुठेतरी पंखा फिरत होता, एवढंच ऐकू येत होतं.

"मी फोन ठेवत नाय," एमा म्हणाली. "तुला बोलायला वेळ लागू दे. मी हाय."

महिपतने आरशातून मागे पाहिलं. त्याला बस डेपोला न्यायची होती, आधीच तासभर उशीर झाला होता. त्याचा हात सवयीने हॉर्नकडे गेला. मग तो हात खाली आला आणि त्याने इंजिन बंद केलं.